सीलर विरघळायच्या आधी माझाच पेशन्स विरघळला

एमडीएसच्या (दातांच्या पीजीच्या) डिझर्टेशनला रूट कॅनल सीलरची, म्हणजे रूट कॅनल भरताना फट बुजवायला वापरतात त्या पेस्टची, सॉल्युबिलिटी (ती किती विरघळते) हा टॉपिक घेतला, कारण सीनियर म्हणाले पेशंट लागत नाहीत, निवांत होतं. आयएसओ 6876 या सीलरच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये टेस्ट दिलीये. 20 मिमी व्यासाच्या, 1.5 मिमी जाडीच्या दोन चकत्या करायच्या, 50 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 37 डिग्रीला 24 तास ठेवायच्या, मग चकत्या काढून पाणी आटवायचं आणि डिशमध्ये उरलेला साका मोजायचा. चकत्यांच्या वजनाच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त नको. बस. जीपी (गटापर्चा, कॅनलमध्ये भरतात ती रबरासारखी काडी) आणि दाताची भिंत यांच्यातली फट सीलरच भरतं ना, तेच विरघळलं तर जंतूंना वाट मोकळी.

आता गंमत अशी की डिश 40 ग्रॅमची आणि एपॉक्सी रेझिन सीलरचा साका जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम. आमच्या डिपार्टमेंटचा काटा दोन डेसिमलचा, म्हणजे त्याला काही दिसणारच नाही. चार डेसिमलचा शेजारच्या फार्मसीवाल्यांकडे. तिथे गेले तर लेटर आणा. लेटर नेलं तर जावक क्रमांक नाही. क्रमांक टाकून नेलं तर सही एचओडींची नको, प्रिन्सिपलची हवी, आणि प्रिन्सिपल सर इन्स्पेक्शनच्या गडबडीत. नऊ दिवस! मी काटा घरी न्यायला मागत नव्हते हो, तिथेच उभं राहून पाच मिनिटं वजन करणार होते.

शेवटी परवानगी मिळाली तर वजन स्थिर राहीना. डिश 110 डिग्रीला सुकवून आणली, काट्यावर ठेवली की आकडा आपला चढतोय, चढतोय. मला वाटलं काटाच बिघडलाय. तिथले लॅबवाले काका लांबून बघत होते, शेवटी म्हणाले, "मॅडम, गरम डिश हलकी दाखवते, आणि तुमच्या डेसिकेटरमधली सिलिका बघा, गुलाबी झालीये." डेसिकेटर म्हणजे वस्तू कोरडी ठेवत गार करायचं बंद भांडं, त्यातली सिलिका ओल शोषते आणि कोरडी असली की निळी असते. म्हणजे ती ओल धरून बसलेली आणि मी त्यातच डिश गार करत होते. पहिला अख्खा सेट बाद. काकांनीच सिलिका ओव्हनमध्ये टाकून परत निळी करून दिली, सही-बिही न मागता.

हां, आणि डिशला हात लावू नका, चिमट्यानेच उचला, बोटाचा तेलकटपणापण वजनात येतो. रिकाम्या डिशचं वजन आधी घेतलंय ना बघा (मी एकदा विसरले). चकत्या पूर्ण सेट झाल्याशिवाय पाण्यात टाकायच्या नाहीत, कंपनी सांगते त्या सेटिंग टाइमच्या दीडपट थांबायचं. बायोसिरॅमिक (कॅल्शियम सिलिकेटवालं) सीलर असेल तर त्याला सेट व्हायलाच ओल लागते, त्याचे साचे प्लास्टरचे, ओले करून.

रेझिनवालं 3 टक्क्यांच्या खूप आत बसलं. बायोसिरॅमिक वर गेलं, त्यातून कॅल्शियम सुटतं म्हणून तसं होतं असं गाइडना सांगितलं, तर म्हणाले एक सेट परत कर.

लेटरची मुदत संपलीये. नवीन टाइप करतेय, जावक क्रमांकासकट.