विहीर कुठून पडली?

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा, असा निरोप आला आणि सगळ्यात आधी आठवली ती आठवीच्या वर्गातली एक विहीर.

तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. 'रन म्हणजे पळणे' एवढं आमचं पक्कं पाठ. सरांनी फळ्यावर 'द वेल रॅन ड्राय' लिहिलं आणि मला उठवलं. मी म्हणालो, "विहीर कोरडी पळाली." पोरं खदखदली. सर हसले नाहीत.

"कामून हसायलात रे? बहात्तरच्या दुष्काळात घरच्या विहिरीचं काय झालं, असं म्हणतात तुमचे वडील?"

"कोरडी पडली, सर."

"कुठून पडली? माळवदावरून?"

त्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. ऊन पडतं, प्रश्न पडतो, भूल पडते, कापसाचा भाव पडतो, बैलजोडी महागात पडते, सरपंचकीला उभा राहिलेला पडतो. आम्हीच ओरडून सांगत होतो. यातलं खरोखर खाली काय येतं, असं सरांनी विचारलं, तेव्हा सगळे गप्प.

मग सर रनकडे वळले. नदी रन होते ती वाहते, नाकाचंही तेच. डिझेल इंजिन चालतं, किराणा दुकान चालवतात. नव्या लुगड्याचा रंग जातो, रॉकेल संपतं, तिथंही रनच. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला पळतो, आपला मात्र उभा राहतो! सर म्हणाले, "शब्द एकटा लिहू नका, शेजाऱ्यासकट लिहा." या एका शब्दासाठी त्यांनी वहीत चार पानं कोरी सोडायला लावली.

पुढं मी स्वतः इंग्रजीचा मास्तर झालो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९ च्या आवृत्तीपर्यंत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. नंतर 'रन'ची नोंद नव्यानं लिहिली गेली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. हे वाचलं त्या दिवशी सर हयात नव्हते. त्यांना सांगता आलं नाही, याची हळहळ अजून जात नाही.

चार पानं केव्हाच भरली. आता मी वहीला पुरवण्या जोडतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीनं वाक्य करून दिलं, ते तारखेसकट उतरवून ठेवलंय: 'अवर बोअर रॅन ड्राय, सो वुई रॅन आफ्टर द टँकर.'