अनेक लाँचर, एक यादी: प्लेनाइट नीट लावताना

पीसीचे गेम: स्टीमवर विकत घेतलेले, एपिकवर दर आठवड्याला फुकट मिळणारे, जीओजीवर सेलमध्ये उचललेले. गेम असे विखुरले की आपल्याकडे काय आहे हेच लक्षात राहत नाही आणि घेतलेलाच गेम पुन्हा घेतला जातो. विंडोजवर यावर प्लेनाइट हा सगळ्या स्टोअरचे गेम एका यादीत दाखवणारा प्रोग्रॅम बरा: फुकट, ओपन सोर्स, आणि डेटाबेस आपल्याच पीसीवर. पण तो फक्त यादी ठेवतो. स्टीम किंवा एपिकचा गेम चालवायला त्यांचा लाँचर (गेम उतरवणारं आणि चालवणारं त्या स्टोअरचं अ‍ॅप) बहुतेक वेळा लागतोच, म्हणून लाँचर काढू नका. विंडोजबरोबर आपोआप सुरू होणं तेवढं बंद करा.

प्लेनाइटच्या अ‍ॅड-ऑन्समध्ये प्रत्येक स्टोअरचं लॉगिन करा आणि इन्स्टॉल नसलेले गेमही आणायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर यादी अर्धीच दिसेल. स्टीमचे गेम आलेच नाहीत तर प्रोफाइलच्या प्रायव्हसीत ‘गेम डिटेल्स’ खासगी आहे का ते आधी बघा. एकच गेम दोन स्टोअरवर असेल तर नको ती नोंद लपवा. नुसती डिलीट केली तर पुढच्या अपडेटला ती परत हजर. डिलीटच करायची असेल तर वगळलेल्यांच्या यादीत टाका.

खरी गडबड होते ती पीसी फॉरमॅटला दिल्यावर. ठाणे स्टेशनजवळचा असो की वाशीचा, दुकानदार सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकतो. डी ड्राइव्हवरचे गेम तसेच राहतात, पण लाँचरना ते दिसत नाहीत. स्टीमचं सोपं आहे. प्रत्येक गेमची मॅनिफेस्ट फाइल, म्हणजे तो इन्स्टॉल असल्याची नोंद, ‘स्टीमअ‍ॅप्स’ फोल्डरमध्येच, गेमसोबतच असते. स्टीमच्या सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये तो ड्राइव्ह जोडला की गेम परत दिसतात.

एपिक मात्र या नोंदी सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅमडेटा’त ठेवतो, आणि त्या फॉरमॅटमध्ये गेलेल्या असतात. त्यासाठी डी ड्राइव्हवरच्या गेमच्या फोल्डरचं नाव बदला, मूळ जागी इन्स्टॉल सुरू करा, दोन-तीन टक्के झालं की पॉज करून लाँचर पूर्ण बंद करा. जुन्या फोल्डरमधलं सगळं नव्यात हलवा, ‘रिप्लेस’ म्हणा आणि डाउनलोड पुन्हा चालू करा. आता तो आधी आहे त्या फाइली तपासतो आणि कमी असेल तेवढंच उतरवतो. नाव न बदलता त्याच फोल्डरवर इन्स्टॉल करायला गेलात तर फोल्डर रिकामा नाही म्हणून एपिक अडून बसतो. एवढा खटाटोप कशाला? ४० एमबीपीएसच्या लाइनवर ८० जीबीचा गेम म्हणजे पूर्ण वेग मिळाला तरी साडेचार तासांच्या आसपास.

सेव्ह फाइली, म्हणजे गेममधली आपली प्रगती, हा वेगळा विषय. क्लाउड सेव्ह सगळ्या गेमना नसतं आणि बऱ्याच गेमचे सेव्ह सी ड्राइव्हवरच असतात, तेव्हा फॉरमॅटआधी लुडुसावी हा सेव्हचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम चालवून ते पेनड्राइव्हवर घ्या.

प्लेनाइटचा बॅकअप त्याच्या मेनूतूनच होतो. तोही सी ड्राइव्हवर ठेवू नका. पावसाळ्यात यूपीएस नसेल तर आकाश गडगडत असताना लायब्ररी अपडेट लावू नका. मध्येच लाइट गेली तर डेटाबेस बिघडू शकतो, आणि हाताने लावलेले टॅग स्टोअरकडून परत मिळत नाहीत.