एका ओळीत दोन डबे

धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कार्यालयात बाप्तिस्म्याची, लग्नांची आणि मृतांची अशा तिन्ही वह्या माझ्या ताब्यात असतात. मृतांच्या वहीत एका माणसाला एकच ओळ. त्यामुळे त्या सकाळी बहीण-भावानं एकाच नावाचे दोन डबे टेबलावर ठेवले, तेव्हा मी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. चर्चमध्ये मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधी झाला, दहन झालं. मग रक्षा कुठे ठेवायची यावरून दोघांचं बिनसलं आणि शेवटी अर्धी-अर्धी वाटून घेतली. तिचा डबा कपाटात, त्याचा गाडीच्या डिकीत. हो, डिकीत. घरात ठेवला तर त्याच्या बायकोला झोप येत नसे. आता आईनं दोघांना बजावलं होतं, माझे डोळे मिटायच्या आत त्यांना एका जागी आणा.

"काका, जाळलं तेच चुकलं का?" ताईनं आधी हेच विचारलं. सगळे हेच विचारतात. नाही चुकलं. दहनावरची कॅथलिक चर्चची जुनी बंदी १९६३ मध्ये उठली. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत दफनाचा आग्रह आहे, पण श्रद्धेला नाकारण्यासाठी केलेलं नसेल तर दहनाला मनाई नाही. पेच पडतो तो नंतर. २०१६ मध्ये रोमहून, म्हणजे व्हॅटिकनहून, आलेल्या सूचनेत स्पष्ट आहे: रक्षा दफनभूमीत किंवा चर्चनं त्यासाठी राखलेल्या जागी ठेवायची. घरी नाही, वाटणी नाही, वाऱ्यावर किंवा समुद्रात उधळणं नाही, लॉकेटमध्ये भरणं नाही.

पूर्वी मी ही यादी घडाघडा म्हणून दाखवायचो. एकदा एक बाई ती ऐकता ऐकताच उठून गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून आधी पाण्याचा ग्लास पुढे करतो आणि यादीच्या आधी कारण सांगतो. कपाटातला डबा तुम्ही जपाल, तुमची मुलंही जपतील. पण त्यांच्यानंतर घर आवरताना तो कुणाच्या हाती लागेल? दफनभूमीत निदान नाव लिहिलेलं राहतं, येणारा-जाणारा प्रार्थना करतो.

भाऊ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या डब्यातली एक मूठ मी त्यांच्या झाडाखाली टाकलीय."

ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की मी उठून फादरना बोलावून आणलं.

फादर रागावले नाहीत. मूठभर मातीत गेली ती गेली, ती उकरायची नाही म्हणाले. त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती तोवर माझ्याही नीट लक्षात नव्हती. इटलीतल्या बोलोन्याचे कार्डिनल झुप्पी यांनी प्रश्न विचारले होते, त्यावर डिसेंबर २०२३ मध्ये रोमचं उत्तर आलं. रक्षेचा अगदी थोडा अंश मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या ठरलेल्या जागी ठेवायला धर्माधिकारी परवानगी देऊ शकतात, पण उरलेली रक्षा पवित्र जागीच हवी. "म्हणजे विचारून करायचं होतंस," ताई म्हणाली. चार वर्षांत ती त्याच्याशी बोललेलं हे बहुधा सर्वांत मवाळ वाक्य असावं.

आजीआजोबांच्या थडग्यात हातभर खड्डा घेतला. रक्षा म्हटलं की आपल्याला चुलीतली मऊ राख आठवते. ही तशी नसते. दहनानंतर उरलेली हाडं दळलेली असतात. जाडसर मिठासारखी, करडी-पांढरी, आणि हाताला अपेक्षेपेक्षा जड. भावानं आपला डबा ताईच्या डब्यात ओतला तेव्हा वाळू सरकावी तसा आवाज झाला. वारा नव्हता, तरी ताईनं दोन्ही तळवे आडोशाला धरले होते.

फादरनी प्रार्थना म्हटली. डबा खाली गेला. भावाच्या हातात रिकामा डबा उरला, तळाशी करडा थर चिकटलेला. "याचं काय करू?"

वहीत याला रकाना नाही. फादरनी माझ्याकडून तांब्या मागून घेतला, डब्यात पाणी ओतलं, हलवलं आणि ते पाणी त्याच खड्ड्यात सोडलं. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी तांब्या ताईनं घेतला. भाऊ डबा धरून होता, ती ओतत होती.

मग त्यानं तो डबा वाळायला भिंतीवर पालथा घातला आणि दोघं माती लोटायला वाकली.