हळद, पालक आणि यूव्ही दिवा: घरी केलेल्या रंगांचा माझा अनुभव

मी सोलापुरात चित्रकला शिकवते. शाळेच्या प्रदर्शनात एक वर्ग पूर्ण अंधारा करून यूव्ही (अतिनील) दिव्याखाली उजळणारं मोठं चित्र लावायचं ठरलं. असे उजळणारे तयार, फ्लोरोसंट रंग दुकानात मिळतात, पण मला ते वनस्पतींतूनच काढायचे होते. रोजच्या भाजी-आमटीत पडणाऱ्या हळदीत असला उजेड आहे, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं असं फार वाटत होतं.

त्यामुळे सुरुवात हळदीपासूनच. तिच्यातलं कुरकुमिन यूव्ही किरण शोषून पिवळा-हिरवट प्रकाश बाहेर टाकतं. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाण्यात कालवलेली हळद दिव्याखाली मरगळलेली दिसते. त्याला स्पिरिट लागतं. मी तयार पूड न घेता हळकुंडं आणली, फोडून मिक्सरला बारीक केली, काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवली आणि सकाळी वरचा नितळ नारिंगी अर्क सुती फडक्यातून गाळला. स्पिरिट झटकन पेट घेतं, म्हणून हे सगळं गच्चीवर, गॅसपासून लांब.

अर्क झाला, पण त्याला कापडावर धरून ठेवणार कोण? जलरंगात डिंक असतो, मात्र डिंकाला स्पिरिट चालत नाही. दोन्ही एकत्र केले की नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. इथे मदतीला आले आमच्या गल्लीत फर्निचरला पॉलिश करणारे काका. म्हणाले, "चपडा घ्या की हो ताई. स्पिरिटमध्येच विरघळतो तो. रात्री भिजत घाला, सकाळी हलवून घ्या, झालं." चपडा म्हणजे लाख. ती किड्यापासून मिळते, वनस्पतीपासून नाही, तेवढी तडजोड मी आनंदाने केली. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी जास्त असतं आणि चपडा त्यात नीट विरघळत नाही, त्यासाठी पॉलिशचंच स्पिरिट हवं. ते विषारी असतं, म्हणून हा रंग मी स्वतःच लावला, खिडक्या उघड्या टाकून. चपडा स्वतःही यूव्हीखाली नारिंगी झाक देतो, त्यामुळे हळदीच्या पिवळ्याला एक ऊब येते. ती मला फार आवडली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साध्या रंगात जास्त रंग म्हणजे जास्त गडद. इथे उलटं आहे. रंगद्रव्याची दाटी झाली की दिव्याचा उजेड वरच्या थरातच संपतो, आणि खेटून बसलेले रेणू एकमेकांचं तेज गिळतात. दिवसा भारदस्त दिसणारा जाड थर अंधारात मळकट निघतो, आणि उन्हात जेमतेम दिसणारा पातळ हात लख्ख पेटतो. मी अर्क पातळ करत गेले, प्रत्येक वेळी चिंधीवर एक रेघ ओढून यूव्ही टॉर्चखाली धरत गेले. ज्यांना हे करायचंय त्यांनी आधी या चिंध्यांनाच वेळ द्यावा.

कापडाचाही विचार करावा लागतो. पांढरा कागद आणि डिटर्जंटने धुतलेलं कापड यांच्यात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, ती यूव्हीखाली स्वतःच निळी उजळतात आणि चित्र त्यात बुडून जातं. सोलापूरसारख्या कापडाच्या गावात यावर उपाय शोधायला लांब जावं लागत नाही. न धुतलेला, ब्लीच न केलेला कोरा मांजरपाट घेतला. त्यावर सोलापुरी चादरीवर असतो तसा मोर आखला.

हळदीला खार चालत नाही. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरचं कुंकू प्रसिद्ध आहे, ते पारंपरिक पद्धतीने हळदीत टाकणखार आणि लिंबाचा रस घालून लाल करतात. चुना, सोडा, साबण लागला तरी हळद लालसर होते, आणि तो पिवळा उजेड जातो. म्हणून चुना मारलेल्या भिंतीवर हा रंग लावू नये, ब्रशही साबणाचा अंश राहणार नाही असे खळखळून धुवावेत.

निळ्यासाठी टॉनिक वॉटर, म्हणजे बाटलीत मिळणारं कडवट, फसफसणारं पेय. त्यातलं क्विनाइन हे कडू द्रव्य सिंकोना झाडाच्या सालीतून येतं, आणि दार्जिलिंगजवळच्या मंगपूला सिंकोनाचे जुने मळे आहेत. क्विनाइन पाण्यातच असल्यामुळे इथे बाभळीचा डिंक चालतो, आणि हा भाग मुलांनी केला. एका पेल्यात टॉनिक वॉटर घेऊन टॉर्च धरला आणि चिमूट चिमूट मीठ टाकायला सांगितलं. निळा उजेड त्यांच्यासमोर विझत गेला, कारण मिठातलं क्लोराइड तो मारतं. म्हणूनच डिंक भिजवायला आमच्या बोअरचं मचूळ पाणी न घेता बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं.

लाल रंग पालकाचा. हरितद्रव्याच्या हिरव्यागार अर्कातून लाल प्रकाश येतो हे स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने 1833 मध्येच नोंदवलं होतं, तरी दर वेळी मी थक्क होते. पण अर्क कापडावर सुकला की तो लाल बहुतेक नाहीसा होतो. म्हणून लाल रंगवलाच नाही. पातळ अर्क छोट्या काचेच्या कुप्यांत भरला, बुचं घट्ट बसवली आणि मोराच्या पिसाऱ्यात डोळ्यांच्या जागी शिवून टाकल्या.

यूव्ही टॉर्च 365 नॅनोमीटर तरंगलांबीचा घ्यावा. 395 चा स्वस्त असतो, पण त्याचा जांभळा उजेड सगळ्या चित्रावर पसरतो. दिव्याकडे थेट बघू नये, आणि जंतू मारायचे यूव्ही दिवे तर मुळीच वापरू नयेत, ते डोळे आणि कातडी भाजतात.

हे रंग उन्हात टिकत नाहीत. हळद फिकी पडते, पालक त्याहून लवकर. चित्र काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवलंय, कुप्या दर वेळी नव्याने भरते. सध्या पिवळ्या गुलबक्षीच्या पाकळ्या कुस्करून पाहतेय. त्यातलं रंगद्रव्यही यूव्हीखाली उजळतं आणि पाण्यात विरघळतं, म्हणजे स्पिरिट आणि चपड्याशिवाय, नुसत्या डिंकावर, पिवळाही मुलांच्या हाती देता येईल.