तुम्ही विचारलंत म्हणून: असले चेहरे कशाला?

"आधी सरळ माणूस तर काढू दे, मग वाकडा काढेल." ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या चित्रकलेच्या वर्गाबाहेर चपला शोधता शोधता पालक हे ऐकवतात. म्हणजे, सहा-सात वर्षांच्या पोरांना पिकासो आणि सूझांसारखे वाकडे चेहरे रंगवणारे चित्रकार कशाला?

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली की दहावीला ७ गुण वाढतात, माहीत आहे मला. पण पहिलीतल्या मुलाला त्याची घाई काय?

मी पिकासोची १९३७ सालची रडणारी बाई दाखवते. हिरवा-पिवळा चेहरा, दातांत धरलेला रुमाल. कुणी हसतं, कुणी विचारतं, "हिला कुणी मारलं?" मग सूझांची जाड काळ्या रेषांची डोकी. (त्यांचं सगळंच मुलांना दाखवण्यासारखं नाही, एवढं मलाही कळतं.) खोडरबर बंद. पोस्टर कलर, चपटा ब्रश आणि घरातलं एक माणूस.

एका मुलीने आजोबा काढले. उजवा हात लालभडक, धडापेक्षा मोठा, बोटं कागदाबाहेर गेलेली. तीन पेट्रोल पंपाचा रस्ता ओलांडताना ती तोच हात धरते. दुसऱ्या दिवशी आमचं छोटंसं प्रदर्शन होतं. तिची आई हळूच म्हणाली, "बाबांना वाईट वाटेल हो."

मुलं गेल्यावर मी त्यावर पांढरा मारला. खालचा लाल विरघळून गुलाबी चिखल झाला. पंख्याखाली वाळवून पुन्हा मारला, मग पुन्हा. वर मापातला हात काढला. चांगला काढला, खोटं कशाला बोलू.

सकाळी ती चित्रासमोर उभी राहिली. "हे मी नाही काढलं." एवढंच. आजोबा मात्र खूश, त्यांनी चित्राशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

पुढच्या शनिवारी तिने कागदाच्या कोपऱ्यात बोटभर माणूस काढला. हात कुठे, म्हटलं, तर म्हणाली, "मागे धरलेत."

तेव्हापासून मुलांच्या कागदाला मी ब्रश लावत नाही. त्यामुळे मी शहाणी ठरले, असंही नाही. मध्यंतरी अकरापैकी नऊ जणांनी एकाच गालावर दोन डोळे काढले. दोन डोंगरांमधून उगवणाऱ्या सूर्याला मी इतकी वर्षं नावं ठेवली, आणि हे काय वेगळं होतं? म्हणून गेल्या शनिवारी आधी काहीच दाखवलं नाही.

तर एक जण रुसूनच बसला. "ती रडकी बाई कुठंय?"