३३३६६७

शाळेच्या या स्मरणिकेत स्नेहसंमेलन, सहल आणि छड्या यांवर बाकीचे लिहितीलच. मी एका संख्येवर लिहितो: १२३४५६७८९८७६५४३२१.

नववीत गणिताच्या सरांनी ती फळ्यावर लिहिली आणि म्हणाले, "हिचे मूळ अवयव पाडा." सतरा अंक बघूनच अर्ध्या वर्गाने पेनं खाली ठेवली. कुणीतरी अंकांची बेरीज केली, ८१ आली. म्हणजे ८१ ने भाग जाणार, असं ठरवूनही टाकलं. भाग जातो हे खरं, पण कारण ते नव्हे. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच चालते. सरांनी १११११११११ चा वर्ग उभ्या मांडणीत करायला लावला; उत्तर आलं ते फळ्यावरचीच संख्या. ओळी एकेक घर सरकत जातात, त्यामुळे स्तंभांच्या बेरजा जिन्यासारख्या नवापर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. हातचा कुठेच येत नाही, म्हणून ही शोभा टिकते. १ हा अंक नवाऐवजी दहा वेळा लिहून वर्ग केला की ती मोडते, उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. नऊ एकांना ९ ने भाग जातो, म्हणून त्यांच्या वर्गाला ८१ ने.

पुढे १११११११११ = १११ × १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. इथे गाडी अडली. ३३३६६७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ ५७७ च्या जरासं पुढे, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. अशा १०६ आहेत. सरांनी त्या बाकांवर वाटून दिल्या. ज्याने त्याने उठून बाकी सांगायची, की सर फळ्यावरची ती संख्या खोडणार. माझ्याकडे ४८७ होती: भागाकार ६८५, बाकी ७२. शेजाऱ्याकडे ४९१, बाकी २७८. शेवटी ५७७ नेही बाकी १६१ उरली आणि ३३३६६७ मूळ ठरली. फळ्यावरच्या त्या सतरा अंकी संख्येचे एकूण विभाजक ४५, हे मग चुटकीसरशी निघालं.

कॉलेजात गेल्यावर कळलं की १०६ पैकी फक्त १७ पुरल्या असत्या. १००१००१ ला ९९९ ने गुणलं की नऊ वेळा ९ येतात. त्यामुळे ३ सोडून तिच्या कुठल्याही मूळ अवयवाने १ ला भागलं, की दशांशातले अंक नऊ-नऊच्या गटाने फिरतात. या गटाची लांबी त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला नेहमी भागते. ती उरलेली संख्या समही असते. म्हणजे १८ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १९, ३७, ७३, १०९ अशा.

सरांना हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. आधीच सांगितलं असतं तर सतरा जणांनी भागाकार केले असते आणि बाकीच्यांनी खिडकीबाहेर पाहिलं असतं. माझी ४८७ त्या सतरांत बसते. शेजाऱ्याची ४९१ बसत नाही, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही; आता या स्मरणिकेतच वाचेल.