क्रिएटिव्ह सोडून ओरायन : तिसरा डाव, 3518 पर्यंत

मास्टर ऑफ ओरायन 2, म्हणजे आकाशगंगेत ग्रह वसवून साम्राज्य उभं करायचा गेम, मी पहिल्यांदा खेळलो तो इंदूरच्या रामबागेत, मित्राच्या घरी. कॉम्प्युटर त्याच्या बाबांच्या कामाचा, त्यामुळे ते घरात नसतील तेवढाच वेळ आमचा. सिमटेक्सने बनवलेला आणि मायक्रोप्रोजने 1996 मध्ये काढलेला तो गेम आता माझ्या लॅपटॉपवर 1.31 पॅच लावून डॉसबॉक्स या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये चालतो. मधल्या काळात इंदूर कुठल्या कुठे पसरलं, पण माझी खेळायची पद्धत तसूभर बदलली नाही. रेस, म्हणजे आपली जमात, बनवायचा पडदा आला की पहिली टिचकी क्रिएटिव्ह या गुणावर.

तुम्हाला सांगायला नको, पण नवीन कोणी वाचत असेल तर : साध्या रेसला संशोधनाच्या बहुतेक टप्प्यांवर दोन-तीन गोष्टींतली एकच निवडता येते, बाकीच्या हातून जातात. क्रिएटिव्हला सगळ्या मिळतात. किंमत 8 पिक, पिक म्हणजे रेसचे गुण विकत घ्यायचे पॉइंट. वर राज्यपद्धत म्हणून मी लोकशाही घ्यायचो, ते 7. म्हणजे 15 पिक तिथेच खलास.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला होता. तो स्टेलारिस हा नव्या जमान्यातला अंतराळाचा गेम खेळणारा, माझ्या गेमकडे जुन्या स्कूटरकडे बघावं तसं बघतो. अर्धा तास मागे उभा राहून म्हणाला, "मामा, तू खेळतोयस कुठे? तू तर फक्त साठवतोयस." ही स्वयंपाकघरातून लगेच म्हणाली, "माळ्यावर जाऊन बघ, तिथेही तेच आहे." माळ्यावर फ्लॉपी ड्राइव्ह आहेत, दोन मॉडेम आहेत आणि कशाच्या आहेत ते आता मलाही न आठवणाऱ्या वायरी आहेत. मुद्दा लागला. ठरवलं, क्रिएटिव्हशिवाय हार्ड या अवघड पातळीवर जिंकेपर्यंत दुसरं काही खेळायचं नाही.

नवी रेस अशी : युनिफिकेशन ही राज्यपद्धत 6, उत्पादन +2 चे 6, सबटेरेनियन (जमिनीखाली राहणारी) 6, मोठा मूळ ग्रह 1. झाले 19. हातातले 10 सोडले तर उरलेले 9 उणिवा घेऊन भागवायचे. हेरगिरी कमी 3, जमिनीवरची लढाई कमी 2, जहाजांचा नेम कमी 2, जहाजांचा बचाव कमी 2. युनिफिकेशनमध्ये अन्न आणि उत्पादन दीडपट होतं आणि लोक खूश आहेत की नाराज, हा प्रश्नच उद्भवत नाही. मध्यम आकाराची आकाशगंगा, पाच खेळाडू, सुरुवात अ‍ॅव्हरेज.

रिपल्सिव्ह, म्हणजे सगळ्यांना नकोशी असण्याची उणीव, का नाही घेतली, त्याचे तर एकदम 6 मिळतात, असं कोणीतरी विचारेलच. त्याचं उत्तर पुढे येईल.

पहिला डाव लवकर आटोपला. मी सवयीने प्रयोगशाळा आणि कारखाने घेत गेलो, आणि गेममधल्या 3511 सालाच्या सुमारास मरशान आले. मांजरांची ती रेस, नेम जन्मजात चांगला. माझ्या दोन कॉलन्या गिळल्या. मी अ‍ॅडव्हान्स्ड कन्स्ट्रक्शनच्या टप्प्याला बोल लावत बसलो, कारण तिथे ऑटोमेटेड फॅक्टरी घेतली म्हणून मिसाईल बेस गेला होता. रात्री झोपताना लक्षात आलं की स्टारबेस, म्हणजे ग्रहाचं रक्षण करणारा अंतराळतळ, तर मला पहिल्या दिवसापासून बांधता येत होता. मूळ ग्रह सोडून मी तो कुठेच बांधला नव्हता. निवड चुकली नव्हती, आळस नडला.

तरी दुसऱ्या डावात त्याचाच सूड घेतला. फॅक्टरी सोडून मिसाईल बेस. ऑप्ट्रॉनिक्समध्ये रिसर्च लॅब सोडून ऑप्ट्रॉनिक कॉम्प्युटर, म्हणजे माझ्या आंधळ्या गोलंदाजांना चष्मा. मरशान आले आणि मार खाऊन परत गेले, तेव्हा फार बरं वाटलं. पण 3513 ला आकडेवारीचा आलेख उघडला तर सायलॉन ही दुसरी रेस माझ्या दुप्पट पुढे. तटबंदी भक्कम आणि चूल थंड. डाव कोणी हरवला नाही, तो आपोआप विझत गेला. सोडून दिला.

मग पाच-सहा दिवस खेळलो नाही, फक्त वहीत टप्पे लिहून काढले. प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारत होतो : यातलं चांगलं कोणतं? हा प्रश्नच क्रिएटिव्हवाल्याचा. त्याला सगळं मिळणारच असतं, म्हणून तो फक्त कौतुक करतो. साध्या रेसने विचारायचं ते वेगळं : यातलं शेजाऱ्याकडून काय आणता येईल?

कारण टेक, म्हणजे तंत्रज्ञान, मिळवायचा रस्ता फक्त आपल्या शास्त्रज्ञांतून जात नाही. अदलाबदल करता येते. चोरता येतं, पण माझे हेर कच्चे, ते माझ्यासाठी नाही. शत्रूचं जहाज पकडून मोडीत काढलं तर त्यातून टेक हाती लागू शकतं, ग्रह जिंकूनही लागतं. म्हणजे वेळेची गोष्ट आहे. जी इमारत आज बांधली तर उद्यापासून दर टर्नला काही देणार आहे, ती स्वतः घ्यायची, कारण तिला उशीर झाला तर तेवढं नुकसान पुन्हा भरून येत नाही. चिलखत, स्कॅनर, कॉम्प्युटर यांचा उपयोग लढाईच्याच दिवशी. ते लढाईच्या आधी कधीही आलं तरी चालतं. म्हणून फॅक्टरी आपली, हेवी आर्मर शेजाऱ्याचं. रिसर्च लॅब आपली, ऑप्ट्रॉनिक कॉम्प्युटर शेजाऱ्याचा. पॉझिट्रॉनिक्सला पोचाल तेव्हा सुपरकॉम्प्युटर आपला. अ‍ॅडव्हान्स्ड बायॉलॉजीत मी क्लोनिंग सेंटर घेतलं, सॉइल एनरिचमेंट सोडलं. दीडपट अन्नाच्या रेसला माती सुधारायची घाई नसते.

रिपल्सिव्ह का नाही, ते आता कळलं असेल. तिच्याशी कोणी अदलाबदलच करत नाही. 6 पिक मिळतात आणि शेजार जातो.

तिसऱ्या डावाची सुरुवात नेहमीपेक्षा कंटाळवाणी होती आणि ती तशीच असायला हवी, असं माझं मत झालं आहे. कॉलनी शिप 500 उत्पादनाचं, कॉलनी बेस 200 चा. आपल्याच सूर्याभोवती राहण्याजोगा ग्रह असेल तर आधी तिकडे कॉलनी बेस. लांबच्या सुंदर ग्रहावर जीव टाकायचा मोह मी दोन्ही डावांत केला होता. दुसरं म्हणजे लोकसंख्या ग्रह अर्धा भरलेला असताना सगळ्यात वेगाने वाढते. मूळ ग्रह काठोकाठ भरून ठेवला की तिथला पाळणा जवळपास थांबतो. तिथून माणसं उचलून कॉलनीवर पाठवली तर दोन्हीकडे हलतो. माणसांच्या एका युनिटला 5 फ्रेटर, म्हणजे मालवाहू जहाजं, लागतात. मी पूर्वी फ्रेटर धान्यापुरते बांधायचो, आता दहाचा संच कायम हाताशी ठेवतो.

माणसांना शेतातून कारखान्यात, कारखान्यातून प्रयोगशाळेत हलवायला काही खर्च नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि वापरत कोणी नाही. माझं तर सुरुवातीचं वाटप पन्नास टर्न तसंच पडून असायचं. इंदूरचा सराफा बाजार आठवा. दिवसा सोनं विकतात, रात्री त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस. फॅक्टरी बांधायची तेव्हा सगळे मजूर, बांधून झाली की निम्मे शास्त्रज्ञ. आणि विकत घ्यायचं असेल तर थोडा धीर धरा. काम निम्मं झालं की उरलेलं प्रत्येक उत्पादन 2 बीसीला (बीसी हे गेममधलं चलन) पडतं, कोरं असताना त्याच्या दुप्पट.

3509.2. पहिली खरी लढाई. शेजारच्या खनिजसंपन्न ग्रहावर मरशान कॉलनी टाकून बसले होते. माझ्याकडे कमांड पॉइंट 8, म्हणजे तेवढंच आरमार दंडाशिवाय पोसता येतं. डिस्ट्रॉयरला प्रत्येकी 2 लागतात, मी बांधली 5. म्हणजे दोन पॉइंट जास्त, दर टर्नला 20 बीसी दंड. हिशोब वहीत होता, आठ टर्न सोसवेल एवढीच गंगाजळी होती. सगळ्यांवर दोन फैरींची न्यूक्लियर मिसाईल. दोन फैरींचा रॅक जागा कमी खातो, त्यामुळे जास्त नळ्या बसतात. आणि गंमत इथे आहे : जहाजांचा नेम लागतो तो बीमसाठी, म्हणजे किरणांच्या तोफांसाठी. मिसाईलला माझ्या रेसचा खराब नेम आडवा येतच नाही. म्हणजे ते 2 पिक मला जवळजवळ फुकट पडले. दोन फैरी झाडल्या, माघार घेतली, पुढच्या टर्नला पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला वर काहीच उरलं नव्हतं. दोन डिस्ट्रॉयर गेली. जमिनीवर माझे जवान कच्चे म्हणून ट्रान्सपोर्ट गरजेपेक्षा दोन जास्त नेली होती, तीही पुरता पुरता पुरली.

3513.7. सायलॉन. क्रिएटिव्ह रेस, म्हणजे माझी जुनी ओळख समोरच्या खुर्चीत बसलेली. जीवशास्त्रात ते मागे होते. मी क्लोनिंग सेंटर पुढे केलं आणि हेवी आर्मर मागितलं. मिळालं! फॅक्टरी निवडली त्या दिवशी सोडून दिलेली वस्तू, एकही संशोधन पॉइंट न घालता घरी आली. विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जावं, तसं. आनंदात मी हिला बोलावून दाखवलं. तिने पडद्यावरच्या त्या मोठ्या डोक्याच्या माणसाकडे बघून "छान" म्हटलं आणि गेली.

त्याची किंमत 3516 ला, आकाशगंगेचा प्रमुख निवडणाऱ्या परिषदेत कळली. तिथे मतं लोकसंख्येवर मोजतात. क्लोनिंग सेंटर दर ग्रहावर दर टर्नला लाखभर माणसं वाढवतं, आणि सायलॉननी ते सगळीकडे बांधलं होतं. निवडणुकीत ते पहिले, मी दुसरा. दोन तृतीयांश कोणालाच मिळाले नाहीत म्हणून वाचलो. त्यांचा पाळणा मीच हलवला होता. तेव्हा ज्यांच्याशी परिषदेत गाठ पडणार आहे, त्यांना माणसं वाढवणारं काही देऊ नका. त्या वेळी माझ्याकडे द्यायला टॅकिऑन कम्युनिकेशन्सही होतं, ते दिलं असतं तर चाललं असतं.

या पद्धतीत एक भोकही आहे. रीइन्फोर्स्ड हल, म्हणजे जहाजाचा बळकट सांगाडा, मला अजून कोणी दिलेलं नाही. अ‍ॅडव्हान्स्ड इंजिनिअरिंगमध्ये मी अँटी-मिसाईल रॉकेट घेतले, हल कोणीतरी देईल या भरवशावर. सायलॉनकडे ते असणारच, पण परिषदेनंतर ते माझ्याशी तुसडेपणाने बोलतात. भेट म्हणून थोडे पैसे पाठवून बघतोय.

आत्ता 3518.4. सात कॉलन्या, चार स्टारबेस, मरशान तह मागतायत आणि मी उत्तर लांबवतोय. मूळ ग्रहावरचे कारखाने इतके फुगलेत की ठराविक मर्यादेच्या वरचं निम्मं उत्पादन प्रदूषण साफ करण्यातच जातं. नेमकं काल रात्री अ‍ॅडव्हान्स्ड केमिस्ट्री समोर आली. मर्क्युलाइट मिसाईल की पोल्युशन प्रोसेसर. वहीतल्या नियमाप्रमाणे उत्तर सरळ आहे, प्रोसेसर आपला. पण माझं सगळं आरमार मिसाईलवर चालतं, आणि मर्क्युलाइट मला देऊ शकतील असे एकटे सायलॉनच, ज्यांच्याविरुद्ध ते वापरावं लागेल.

रात्री एकपर्यंत पडद्याकडे बघत बसलो आणि न निवडताच सेव्ह करून झोपलो. सकाळी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, 2017 पासून सफाईचा पहिला नंबर मिरवणाऱ्या गावात राहतोस आणि हे विचारतोस?" तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी आली. मी ओला-सुका डबा घेऊन जिना उतरलो. लॅपटॉप तसाच उघडा आहे, दोन्ही नावं पडद्यावर.